फिल्मवरचे ९७ टक्के नेमके कशाचे?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापुरात रंकाळा तलावाजवळ चौथ्या मजल्यावर फ्लॅट, वर अजून तीन मजले. हॉलला पश्चिमेची सहा बाय पाच फुटांची स्लायडिंग खिडकी, ५ मिलिमीटरची साधी काच. दुपारी तीननंतर हॉलमध्ये बसवत नाही. म्हणून काचेवर चिकटवायच्या, ऊन अडवणाऱ्या फिल्मचे तीन जणांकडून दर घेतले. पहिल्याची गडद काळी फिल्म, स्वस्त, आणि तो म्हणतो "९९ टक्के अडवते". दुसऱ्याची सिरॅमिक, म्हणजे सिरॅमिकचे बारीक कण घातलेली, महाग, "९७ टक्के आयआर". तिसऱ्याची चांदीसारखी चमकणारी. त्याच्या कागदावर नव्वदीचा आकडाच नाही, "टीएसईआर ७५" एवढंच लिहिलंय (आयआर आणि टीएसईआर म्हणजे काय ते खाली येईलच), म्हणून ती तुम्हाला सगळ्यांत कमजोर वाटली. शिवाय दुसरा म्हणाला की फिल्म लावली तर दीड टनाऐवजी एक टनाचा एसी पुरेल. तिघांत खरं कोण बोलतंय, असं तुम्ही विचारलंत.

एसीची गोष्ट सोडली तर आकडे तिघांचेही खरे असू शकतात. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्यात, आणि तुमच्या घामाशी संबंध आहे तो त्यातल्या एकाच गोष्टीचा. मी बावीस वर्षं कोल्हापुरात काचांना फिल्म बसवतोय. या एका गोंधळात लोकांचे जितके पैसे वाया जाताना पाहिलेत तितके फिल्म खराब निघाल्यामुळेही गेलेले नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काचेवर उन्हाची जी ऊर्जा येते ती एक रुपया धरा. त्यात अतिनील किरण, म्हणजे यूव्ही, तीन ते पाच पैसे. डोळ्यांना दिसणारा उजेड साधारण पंचेचाळीस पैसे. उरलेले पन्नासेक पैसे इन्फ्रारेड, म्हणजे आयआर. ते दिसत नाहीत, नुसते भाजतात. उजेड भिंतीवर, फरशीवर, सोफ्यावर पडून मुरला की त्याचीही उष्णताच होते. उजेड थंड आणि आयआर गरम अशी वाटणी उन्हात नसते, हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धा कागद आपोआप वाचता येतो.

आता पहिल्याचे ९९ टक्के. ते यूव्हीचे आहेत. बाजारातली बहुतेक बरी फिल्म यूव्ही ९९ टक्के अडवते, त्यात विशेष काही नाही. रुपयातले पाच पैसे, त्यांचे नव्याण्णव टक्के. तेवढ्याने हॉल थंड होत नाही. कातडीला आणि पडद्यांच्या रंगाला त्याचा फायदा आहे, तोही लोक समजतात तेवढा पूर्ण नाही. चप्पल लाईनमधल्या एका दुकानदाराने शोकेसला ९९ टक्क्यांची पारदर्शक फिल्म लावून घेतली होती. तीन महिन्यांनी तक्रार आली की पुढच्या रांगेतल्या चपला तरीही काळवंडल्या. झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं उन्हाने गडद होतंच, कारण यूव्ही अडवली तरी उजेड आणि ताप दोन्ही त्याच्यावर पडत राहतात. मी त्यांना पुढची रांग दर आठवड्याला आत-बाहेर फिरवायला सांगितलं आणि दुपारी शटरवर कापडी पडदा सोडायला. फिल्म आहे तशीच ठेवली.

दुसऱ्याचे ९७ टक्के आयआरचे. इथे मात्र थांबून बघायला हवं, कारण सगळ्यांत जास्त फसगत याच आकड्याने होते. उन्हातली आयआर तरंगलांबीच्या मोजपट्टीवर ७८० नॅनोमीटरपासून २५०० नॅनोमीटरपर्यंत पसरलेली असते. पुष्कळ कंपन्या ९७ चा आकडा देतात तो ९०० ते १००० या चिंचोळ्या पट्ट्यात मोजलेला, किंवा ९५० च्या एकाच ठिकाणी. सिरॅमिक फिल्म तिथे खरोखर जोरदार काम करते. पण ७८० ते ९०० मध्ये, म्हणजे लाल उजेड संपतो त्याच्या अगदी लागून, ती बरीच ढिली असते आणि उन्हाची बरीच ताकद नेमकी तिथेच असते. एकाच पेपरात ९७ मार्क पडले म्हणून पोरगं सगळ्या विषयांत हुशार ठरत नाही, तसंच हे.

दुसरी बाब याहून मोठी आहे. "अडवली" म्हणजे गेली कुठे? फिल्म ऊन दोन तऱ्हांनी अडवते: परत फेकते किंवा स्वतः पिते. परत फेकलेलं बाहेर गेलं, विषय संपला. प्यायलेल्या उन्हाने काच तापते आणि तापलेली काच ती उष्णता बाहेर आणि आत दोन्हीकडे सोडते. साधारण पाव ते तिसरा हिस्सा आत येतो. आयआरच्या आकड्यात हा आत आलेला हिस्सा बहुतेक वेळा धरलेलाच नसतो, कारण यंत्र फक्त थेट पलीकडे गेलेले किरण मोजतं. सिरॅमिक फिल्म मुख्यतः पिणारी आहे, चांदीची फिल्म मुख्यतः फेकणारी.

दुकानात दिवा लावून दाखवतात तो खेळ तुम्ही पाहिला असेलच. लाल तोंडाचा २५० वॅटचा तापवायचा बल्ब, पुढे काचेचा तुकडा, मागे तुमचा हात. साध्या काचेमागे हात भाजतो, फिल्मच्या काचेमागे गार. टाळी! माझ्याकडेही तो दिवा आहे, पण मी गिऱ्हाईकाला हात लगेच काढू देत नाही. पाच मिनिटं गप्पा मारतो, मग म्हणतो, आता काचेलाच हात लावा. ऊन पिणारी फिल्म असेल तर काच चहाच्या पातेल्यासारखी तापलेली असते आणि बोटं चटकन मागे येतात. तीच उष्णता तुमच्या हॉलमध्ये संध्याकाळभर सुटणार असते. आणखी एक, त्या दिव्याचा प्रकाश उन्हासारखा नसतो. त्यात आयआरचा भरणा फार मोठा आणि उजेड थोडा. त्यामुळे आयआर पिणारी फिल्म त्या दिव्यापुढे जितकी भारी दिसते तितकी उन्हात नसते. हातात धरायचं टिंट मीटरही असंच: तीन आकडे दाखवतं, यूव्ही, उजेड आणि आयआर, पण तो आयआर एकाच ठिकाणचा. काच तापून आत येणारी उष्णता त्याला कळत नाही.

मग बघायचं काय? तिसऱ्याच्या कागदावरचा टीएसईआर. टोटल सोलर एनर्जी रिजेक्टेड, म्हणजे तो अख्खा रुपया आला त्यातले किती पैसे शेवटी बाहेरच राहिले. यूव्ही, उजेड, आयआर, फेकलेलं, पिऊन बाहेर सोडलेलं, सगळं धरून. काही कागदांवर टीएसईआर नसतो, एसएचजीसी (सोलर हीट गेन कोएफिशियंट) असतो. तो याचाच उलटा: किती पैसे आत आले. एसएचजीसी ०.४५ म्हणजे टीएसईआर ५५. युरोपातल्या कागदावर त्यालाच जी-व्हॅल्यू म्हणतात. आपल्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या इमारतींच्या संहितेतही खिडकीचा हिशोब एसएचजीसीनेच होतो. जुन्या कागदावर शेडिंग कोएफिशियंट दिसला तर त्याला ०.८७ ने गुणा, एसएचजीसी मिळतो.

हा आकडा फिल्म आणि काच दोन्ही मिळून असतो, हेही लक्षात ठेवा. तुमची ५ मिलिमीटरची साधी काच काही न लावताच सोळाएक पैसे बाहेर ठेवते. म्हणजे टीएसईआर ५२ ची फिल्म लावल्यावर फिल्मची स्वतःची कमाई छत्तीस पैशांची. कुणी "५२ टक्के ऊन कमी होईल" म्हणालं तर त्याने काचेचे सोळा स्वतःच्या खिशात टाकले, असं समजा.

तुम्ही पाठवलेल्या तिन्ही कागदांवरचे आकडे आता या हिशोबात घालू. तुमची खिडकी तीस चौरस फूट, म्हणजे २.८ चौरस मीटर. एप्रिलमध्ये दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या काचेवर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन धरायला हरकत नाही. साध्या काचेतून आत येतात जवळपास १४०० वॅट. एक मोठी इस्त्री आणि वर अर्धी, चार ते सहा हॉलमध्ये चालू ठेवल्यासारखं. काळ्या फिल्मचा टीएसईआर ३८, म्हणजे आत १०४० वॅट. सिरॅमिकचा ५२, आत ८०० वॅट. चांदीच्या फिल्मचा ७५, आत ४२० वॅट. ज्याच्या कागदावर नव्वदी नव्हती तोच उष्णता अडवण्यात पुढे निघाला, आणि ज्याने ९९ सांगितलं तो शेवटून पहिला. काळी दिसते म्हणजे उष्णता अडवते हा समज डोळ्यांचा आहे. तिने उजेड खाल्ला आणि काच तापवली. रंगवलेली स्वस्त फिल्म दोन-चार उन्हाळ्यांत जांभळट पडते ते वेगळंच.

एसीचं उत्तरही यातच आलं. सिरॅमिकने वाचले ६०० वॅट. एक टन म्हणजे सुमारे ३५०० वॅट, तर बचत झाली टनाच्या सहाव्या हिश्श्याएवढी. अर्ध्या टनाची गोष्ट या एका खिडकीवर जमत नाही. दीड टनाचा एसी कमी वेळ चालेल, बिल थोडं उतरेल, हे खरं.

टीएसईआर बघतानाही दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवा. पहिलं, शेजारी बारीक अक्षरात "६० अंशांवर" लिहिलंय का. ऊन काचेवर तिरपं पडलं की काच आपणच जास्त फेकते आणि आकडा फुगतो. तीच फिल्म, तीच काच, पण आकडा मोठा. तुमच्या खिडकीला तो आकडा अजिबात लागू नाही, कारण पश्चिमेचं ऊन संध्याकाळी काचेवर जवळपास सरळ येतं. आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगायला लागू नये. अंबाबाईच्या किरणोत्सवात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला मावळतीचा किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोचतो, तो सूर्य इतका खाली आलेला असतो म्हणूनच. जो किरण एवढं अंतर आडवा कापून जातो त्याला तुमच्या खिडकीवरचा दीड फुटाचा छज्जा काय अडवणार! दक्षिणेच्या खिडकीचं उलटं. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, तेव्हा दक्षिणेला छज्जा असला की फिल्मची गरजच नाही. दक्षिणेचं ऊन आत येतं ते डिसेंबर-जानेवारीत, आणि तेव्हा ते हवंसं असतं. म्हणून कुणी "सगळ्या खिडक्यांना करून टाका" म्हणालं तर दक्षिण सोडा, उत्तर सोडा, पश्चिमेला करा, मग जमलं तर पूर्वेला.

दुसरं, उजेड आणि उष्णता यांचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते तपासा. व्हीएलटी म्हणजे दिसणारा उजेड किती आत येतो. समजा कुणी म्हणालं, व्हीएलटी ७० आणि टीएसईआर ८५. घरीच गणित करा: उजेडाच्या पंचेचाळीस पैशांतले सत्तर टक्के म्हणजे साडेएकतीस पैसे नुसत्या उजेडानेच आत आले. बाकी सगळं शंभर टक्के अडवलं तरी टीएसईआर साडेअडुसष्टच्या वर जाऊच शकत नाही, आणि प्रत्यक्षात तो साठच्याही खालीच राहतो. असा कागद दाखवणाऱ्याकडून फिल्म घेऊ नका, मग दर कितीही चांगला असो.

आता तुम्ही विचाराल, मग चांदीचीच लावू का? उष्णता एवढाच निकष असता तर हो म्हणालो असतो. पण तुम्ही लिहिलंय की रंकाळा दिसतो म्हणून हा फ्लॅट घेतला. त्या फिल्मचा व्हीएलटी १७ आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ कसं असतं ते मी सांगायला नको. त्या दिवसांत सतरा टक्क्यांमागे दुपारी दोनला ट्यूब लावावी लागते. घरांसाठी २०१८ साली जी इको-निवास संहिता आली तिच्यातही, भिंतीच्या तीस टक्क्यांपर्यंत खिडक्या असतील तर काचेचा व्हीएलटी किमान २७ हवा असं धरलंय, आणि माझ्या अनुभवात तो आकडा अगदी रास्त आहे. शिवाय आरशासारखी फिल्म ज्या बाजूला उजेड जास्त त्या बाजूला आरसा होते. दिवसा बाहेरच्याला आतलं दिसत नाही, छान. रात्री हॉलमध्ये दिवा लागला की उलटं होतं: बाहेरच्याला तुम्ही दिसता आणि तुम्हाला रंकाळ्याच्या काठचे दिवे दिसायच्या ऐवजी स्वतःचा सोफा दिसतो. नागाळा पार्कातल्या एका आजोबांनी याच कारणासाठी महिनाभरात फिल्म काढायला लावली. ते म्हणाले, "संध्याकाळी खिडकीत बसतो ते बाहेर बघायला, माझं तोंड बघायला नाही." तेव्हापासून मी दिवाणखान्यासाठी आतलं प्रतिबिंब किती, हा आकडा आधी बघतो. कागदावर तो व्हीएलआर इंटिरियर नावाने असतो. साध्या काचेचा आठच्या आसपास असतो. पंधराच्या आत असेल तर रात्री बाहेरचं बरंचसं दिसतं, तिसाच्या वर गेला की आरसा.

तुमच्या हॉलसाठी म्हणून मी हे मागेन: व्हीएलटी ३५ ते ४५, टीएसईआर ५५ च्या वर, तोही ५ किंवा ६ मिलिमीटर साध्या काचेवर सरळ उन्हात मोजलेला, आणि आतलं प्रतिबिंब पंधराच्या आत. धातूचा अगदी पातळ थर देऊन केलेल्या, बाहेरून किंचित चमकणाऱ्या आणि आतून साध्या दिसणाऱ्या फिल्ममध्ये हे बसतं, आणि ती बहुतेक वेळा सिरॅमिकपेक्षा स्वस्त मिळते. तिन्ही विक्रेत्यांना हेच तीन आकडे सांगा आणि मॉडेलच्या नावासकट कंपनीचा छापील तक्ता मागा. व्हॉट्सॲपवर आलेला रंगीत फोटो चालणार नाही. मायक्रॉन किती, हा प्रश्न विचारू नका; जाडीचा संबंध काच फुटली तर तुकडे धरून ठेवण्याशी आहे, उष्णतेशी नाही.

एक आकडा कुणी विचारत नाही आणि मी हमखास विचारतो: शोषण, म्हणजे काच आणि फिल्म मिळून किती ऊन पितात. याची किंमत मी स्वतः मोजली आहे. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी शाहूपुरीत एका ऑफिसच्या जाड तपकिरी काचांना मी गडद फिल्म बसवली. तपकिरी काच मुळातच ऊन पिते, त्यावर मी आणखी पिणारी फिल्म चढवली. वर छज्जा, त्यामुळे काचेचा वरचा भाग सावलीत आणि खालचा उन्हात. मार्चमधल्या एका दुपारी टक्क आवाज आला आणि काच कडेपासून चिरत गेली. जाऊन बघितलं तर चीर कडेला बरोबर काटकोनात सुरू झालेली आणि पुढे नागमोडी. उष्णतेने गेलेल्या काचेची ती खूण आहे. दगडाने फुटलेली काच अशी जात नाही. काच मी माझ्या पैशाने बदलून दिली. तुमची काच साधी, ५ मिलिमीटरची आहे, तिथे ही भीती कमी. तरी बसवण्याआधी फ्रेममध्ये काचेची कड कुठे टवका उडालेली आहे का ते बोट न लावता, टॉर्च मारून बघून घ्या, आणि विक्रेत्याला विचारा की कोणत्या काचेला कोणती फिल्म चालते याचा कंपनीचा तक्ता त्याच्याकडे आहे का. तारेची काच, रंगीत जाड काच, दुहेरी काच असेल तर त्या तक्त्याशिवाय पुढे जाऊच नये.

यू-व्हॅल्यूच्या नादी लागू नका. ती उन्हाशिवायची, नुसत्या हवेच्या फरकाने होणारी उष्णतेची ये-जा मोजते. थंड देशात तिला फार महत्त्व. आपल्या पश्चिमेच्या खिडकीचं दुखणं थेट ऊन हेच आहे.

आणि पैसे घालण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. विक्रेत्याकडून दोन फूट बाय दोन फूट नमुना मागा. काचेला आतून पाणी मारा, नमुना चिकटवा, शेजारचा तेवढाच भाग उघडा ठेवा. तीनला लावा, साडेचारला बघा. दोन्ही भागांमागे वीतभर अंतरावर गाल धरा, मग दोन्हीकडे काचेला तळवा टेकवा. गालाला कळतं ते थेट आलेलं ऊन, तळव्याला कळते ती प्यालेली उष्णता. रात्री दिवे लावून तोच तुकडा परत बघा, बाहेर काय दिसतं ते. तिन्ही नमुने मिळाले तर तीन दिवस घाला.

तुम्ही शेवटी सासूबाईंच्या पूर्वेच्या खोलीचं विचारलंत. तिथे सकाळचं ऊन नऊ-साडेनऊपर्यंत येतं आणि हिवाळ्यात त्या तिथेच बसतात म्हणता. मग ती काच मोकळीच राहू द्या. एप्रिल-मेपुरता खिडकीच्या बाहेरून वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा सोडा. काचेच्या अलीकडे येण्याआधीच अडवलेलं ऊन कोणत्याही फिल्मपेक्षा जास्त अडतं, आणि पडदा जूनमध्ये गुंडाळून ठेवता येतो.